फिर्याद दिली, आता पुढं काय? ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे हक्क, ठाण्यापासून हायकोर्टापर्यंत

आमच्या आत्याचं गंठण चोर सापडल्यावरसुद्धा सात महिने पोलिसांच्या कपाटात पडून होतं. सांगलीत सकाळी फिरायला गेली होती, मोटरसायकलवरनं दोघं आले, मागच्यानं गळ्यात हात घातला आणि तोडून पळाले, अडीच तोळ्याचं. चोर दोन-अडीच महिन्यात घावले, पेपरला बातमी आली, घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. आणि मग काहीच नाही. आम्ही वाट बघत बसलो की पोलीस फोन करतील, पोलिसांना वाटलं हे लोक कोर्टात अर्ज करतील, आणि कोर्टाला कुणी काही सांगितलंच नव्हतं तर कोर्ट तरी काय करणार. शेवटी शेजारचे एक वकील जिन्यात भेटले, त्यांनी चप्पल घालता घालता विचारलं, "मुद्देमालाचा अर्ज केला का ओ?" तेव्हा कळलं की पोलिसांनी जप्त केलेली आपली वस्तू परत मागायचा असा अर्ज असतो.

त्याच वर्षी तासगावकडच्या मामाला द्राक्षाच्या व्यापाऱ्यानं बुडवलं. म्हणजे एका वर्षात दोन फायली. मी वकील नाही, विजयनगरच्या कोर्टात आणि विश्रामबागच्या एसपी ऑफिसला हेलपाटे मारलेला साधा माणूस आहे, पण या हेलपाट्यांत जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय, कारण आम्हाला सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर निम्मे हेलपाटे वाचले असते.

एक शब्द आत्ताच लक्षात ठेवा, तो पुढं सारखा येणार आहे: पोच. कुठलाही अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, सही. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

घटनेत आपण कुठं आहोत

राज्यघटना उघडली तर अनुच्छेद २० आणि २२ मध्ये आरोपीचे हक्क स्पष्ट लिहिलेले दिसतात. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. काही लोक यावर नाक मुरडतात, मी नाही मुरडत, उद्या आपल्याच पोराला खोट्या केसमध्ये उचललं तर हीच कलमं कामाला येणार आहेत. पण ज्याचं गंठण गेलं, ज्याचा हात मोडला, ज्याचा पोरगा गेला, त्याच्या नावानं वेगळा अनुच्छेद काही सापडत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २००८ साली मतदान घेऊन राज्याच्या घटनेतच पीडितांच्या हक्कांची यादी घातली, आपल्याकडं तसं झालेलं नाही.

मग आपले हक्क येतात कुठनं? तीन ठिकाणांहून. अनुच्छेद १४, कायद्यापुढं सगळे सारखे. अनुच्छेद २१, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, यातच निष्पक्ष तपास आणि निष्पक्ष खटला येतो आणि तो आरोपीइतकाच पीडिताचाही आहे असं कोर्टांनी सांगितलंय. आणि अनुच्छेद ३९क, पैशाअभावी कुणाचा न्याय अडू नये म्हणून मोफत कायदेशीर मदत, हा १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आला. या तीन खुंट्यांवर बाकीचे कायदे टांगलेत.

जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, फिर्यादी म्हणजे नुसता साक्षीदार होता. बोलावलं की यायचं, विचारलं तेवढं बोलायचं आणि घरी जायचं. ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं पहिल्यांदा 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली, अपिलाचा हक्क आला, भरपाईची योजना आली. आणि १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, ठाण्यात सगळे तिला बीएनएसएस म्हणतात, तिच्यात आणखी थोडी भर पडली. व्याख्या साधी आहे: आरोपीच्या कृत्यामुळं किंवा त्यानं जे करायला हवं ते न केल्यामुळं ज्याचं नुकसान झालं किंवा इजा झाली तो पीडित, आणि त्याचे पालक किंवा कायदेशीर वारसही त्यात आले. म्हणजे माणूस गेला असेल तर त्याची बायको, आई, मुलं ही सगळी कायद्यानं पीडित. हे वारसांना कुणी सांगत नाही.

ठाण्यात

बीएनएसएसचं कलम १७३ (पुढं वेगळा कायदा सांगितला नसेल तिथं 'कलम' म्हणजे बीएनएसएसचंच). दखलपात्र, म्हणजे ज्याचा तपास पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवायचाच, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिताकुमारी खटल्यात सांगून टाकलंय. "ही आमची हद्द नाही" हे उत्तर आता चालत नाही, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो आणि ते ठाणं तो योग्य हद्दीत पाठवतं. मिरजेच्या स्टेशनवर बॅग मारली आणि लक्षात आलं कराडला उतरल्यावर, तर कराडलाच खबर देता येते. ऑनलाइन खबरही चालते, पण ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही.

बाईवर झालेल्या लैंगिक गुन्ह्यांत जबाब महिला पोलिसांनीच घ्यायचा. खबर देणारीला किंवा पीडिताला कायमचं किंवा तात्पुरतं अपंगत्व असेल तर घरी येऊन किंवा तिला सोयीच्या जागी, आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग. पुढं तपासात चौकशीला बोलावतानाही बाई, १५ वर्षांखालचं मूल, ६० च्या वरचा माणूस, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं (कलम १७९). आमची आत्या ६४ ची आहे आणि तिला चार वेळा ठाण्यात बोलावलं, ती गेलीही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. हवालदार तसे चांगले होते, "काकू बसा, चहा घ्या" म्हणायचे, पण चहानं गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवायला लावा. आणि वर्णन बारीक द्या, इथं घाई करू नका. आत्यानं लिहून घेताना हट्ट धरून एक ओळ घालायला लावली होती की डाव्या वाटीला पोचा आहे, लग्नानंतर दोन वर्षांनी वरवंट्याखाली आली होती. अंमलदार म्हणाले काकू एवढं कशाला. पण टोळी सापडली तेव्हा एकदम सहा-सात बायकांचे दागिने निघाले, सगळ्यांची गंठणं लांबून सारखीच दिसतात, आणि आत्याचं ओळखलं गेलं ते त्या पोच्यावरनं. तर सोन्याचं वजन, सराफाची पावती, दागिना घातलेला फोटो, मोबाईलचा आयएमईआय, गाडीचा चासी नंबर, जे असेल ते. चोरानं सोनं वितळवून लगड केली असेल तर मग वजन आणि पावती याशिवाय आपल्या हातात काही राहत नाही.

सही करायच्या आधी वर काय लिहिलंय ते बघा. एफआयआर आहे का एनसी? एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. आपण घरी येऊन सांगतो केस केली म्हणून आणि कागद एनसीचा असतो. एफआयआर असेल तर त्याची प्रत मोफत मिळते, फिर्यादीला किंवा पीडिताला, हे कलमातच लिहिलंय. नाही दिली तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर बघा, संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकायचे असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे.

"हा दिवाणी मामला आहे"

आता मामाचं. व्यापारी बाहेरच्या राज्यातला, खोली भाड्यानं घेऊन राहिला होता, बागेत येऊन घडाला हात लावून चार किलोच्या पेटीचा दर ठरवला. पहिल्या गाडीचे पैसे रोख दिले. दुसऱ्या गाडीला अर्धे. तिसऱ्या-चौथ्या गाडीला चेक. चेक परत आला तोवर फोन बंद, खोली रिकामी. आपल्या पट्ट्यात ही गोष्ट काय नवीन नाही, दर हंगामात कुणाच्या तरी बांधावर घडतेच.

ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. आता खरं सांगायचं तर हे उत्तर दरवेळी चुकीचं नसतं. धंद्यात पैसे अडकले आणि देता आले नाहीत एवढ्यावर फसवणूक होत नाही, सुरुवातीपासून बुडवायचाच इरादा होता हे दिसावं लागतं. आणि व्यापारी व्यवहारात एफआयआरच्या आधी पोलीस प्राथमिक चौकशी करू शकतात हेही ललिताकुमारीच्याच निकालात आहे. म्हणून मामानं एकट्यानं जायचं थांबवलं. त्याच आठवड्यात त्याच माणसानं त्याच पद्धतीनं बुडवलेले आणखी पाच जण गोळा केले, वजनकाट्याच्या पावत्या, गाड्यांचे नंबर, व्हॉट्सॲपवरचे "उद्या टाकतो" असले मेसेज, खोलीमालकाचं म्हणणं, हे सगळं तारखेप्रमाणं लावलं आणि एकत्र अर्ज दिला. सहा जणांची एकसारखी गोष्ट कागदावर आली की इरादा दिसायला लागतो. आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), फसवणुकीचं कलम, लागलं, ७ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. एक सूचना, मोबाईल फॉरमॅट करू नका, विकू नका, मूळ मेसेज त्यातच आहेत.

एवढं करूनही ठाणं घेत नसेल तर तीच खबर लेखी स्वरूपात पोस्टानं एसपींना पाठवायची, कलम १७३(४). पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा कारण पुढची पायरी त्याच्यावर उभी आहे: मग मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, १७५(३) खाली, सोबत प्रतिज्ञापत्र. एसपींकडं न जाता थेट कोर्टात गेलात तर कोर्ट आधी तेच विचारतं. बाईवरच्या लैंगिक अत्याचारासारख्या ठरावीक गुन्ह्यांत पोलिसानं खबर नोंदवायलाच नकार दिला तर तो स्वतःच गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १९९, किमान ६ महिने सक्तमजुरी.

आणि चेक परत आला असेल तर फौजदारीची वाट बघत बसू नका, तो वेगळा रस्ता आहे आणि त्याला मुदती कडक आहेत. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर महिन्याभरात कोर्टात तक्रार. मामाबरोबरच्या दोघांची ही मुदत गेली.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, ठाण्यात नंतर जा. तिथं मिनिटं मोजली जातात.

दवाखाना

बलात्कार, ॲसिड हल्ला, लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे, यात कुठल्याही दवाखान्यानं, सरकारी असो नाहीतर खाजगी, लगेच मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं, बीएनएसएस कलम ३९७. आधी एफआयआर आणा, आधी डिपॉझिट भरा, असं म्हणता येत नाही, उपचार नाकारणं हा गुन्हा आहे. पीडितेचं नाव, फोटो, गाव कुठंही छापायचं नाही, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही, २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूल पीडित असेल तर पोलिसांनी वर्दीत न जाता मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी जबाब घ्यायचा, आणि बाल कल्याण समितीकडनं मुलासोबत आधाराला एक माणूस मिळू शकतो, तो मागून घ्या. मदतीचा फोन मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१.

मारामारीच्या केसमध्ये एक साधी गोष्ट: जखमेचा दाखला पोलिसांमार्फत होतो, पण केसपेपर, एक्सरे, औषधाची बिलं ही आपली आपण सांभाळायची. सिव्हिलला गर्दीत एक्सरे हरवला की नुकसानभरपाईच्या वेळी हात चोळत बसावं लागतं.

तपास चालू असताना

इथं बहुतेक लोक झोपतात, आम्हीपण झोपलो. कलम १९३(३) म्हणतं की ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आलाय ते पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं, मेसेजनं कळवलं तरी चालतं. कळवत नसतील तर एक्क्याण्णवाव्या दिवशी एका पानाचा अर्ज द्या, तपासी अंमलदाराच्या नावानं, गुन्हा रजिस्टर नंबर टाकून, कलम लिहून, आणि पोच. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. मामाच्या बाबतीत असा अर्ज गेल्यावर आठवड्यात फोन आला, आधी तीन महिने "साहेब बंदोबस्ताला गेलेत" हेच ऐकत होतो.

पैशाच्या फसवणुकीत आणखी एक नवीन हत्यार आहे, कलम १०७. गुन्ह्यातनं मिळवलेली मालमत्ता एसपींच्या मंजुरीनं तपासी अधिकारी कोर्टाकडं अर्ज करून जप्त करून घेऊ शकतो, आणि कोर्टानं सांगितलं की कलेक्टरनं ६० दिवसांत ती पीडितांत वाटायची. पण हे पोलिसांनी मागावं लागतं, म्हणून आरोपीची जमीन, गाडी, बँक खातं जे काय ठाऊक असेल ते लिहून "१०७ खाली कारवाई करावी" असा अर्ज तुम्ही द्या. ठेवी बुडवणाऱ्या कंपन्या, दामदुप्पटवाले, यांना महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा लागतो, त्यातही जप्ती आहे.

तपास संपला आणि पोलिसांना काही सापडलं नाही तर ते समरी पाठवतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, ब समरी म्हणजे फिर्याद मुद्दाम खोटी, क समरी म्हणजे गैरसमजातनं दिलेली किंवा मामला दिवाणी निघाला. तीनपैकी कुठलीही असो, ती मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यायला पाहिजे, हे १९८५ पासून ठरलेलं आहे, सुप्रीम कोर्टाचा भगवंत सिंग निकाल. कोर्टाची नोटीस आली की घाबरून घरात ठेवू नका, तारखेला जा आणि मान्य नसेल तर विरोधाचा अर्ज द्या, वकील त्याला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. ब समरीकडं तर अजिबात दुर्लक्ष नको, ती उलट आपल्यावरच येऊ शकते.

मुद्देमाल

तर गंठण. बीएनएसएस कलम ४९७ प्रमाणं जप्त वस्तू कोर्टापुढं आली की १४ दिवसांत तिची यादी करायची, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं ते ठरवायचं. त्याआधीही सुंदरभाई देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंच होतं की दागिने, गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, बाँड घ्या आणि मालकाला द्या. वस्तू कोर्टापुढं न येता ठाण्यातच असेल तर कलम ५०३ खाली मागायची.

करायचं काय: ज्या कोर्टात केस आहे तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढं अर्ज, सोबत एफआयआरची प्रत, सराफाची पावती, दागिना घातलेला फोटो, आधार कार्ड. कोर्ट पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं, तिथं त्याला 'से' म्हणतात, "एपीपींचा (सहायक सरकारी वकिलांचा) से आला का" हे वाक्य तुम्हाला दहा वेळा ऐकायला मिळेल. से यायला उशीर होतो, मागे लागावं लागतं. मग आदेश, मग बाँड, मग आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात.

त्या दिवशी मुद्देमालाच्या कारकुनांनी खाकी पाकीट काढलं, तोंडाला लाखेचं सील, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर गुन्हा नंबर, कलम ३०४, तारीख आणि दोन पंचांच्या सह्या. न्याय संहितेत हिसकावून चोरी हा आता वेगळा गुन्हा आहे, ते हे ३०४. सील फोडून टेबलावर ओतलं तर तुटलेली साखळी, काळे मणी सुटे, आणि दोन वाट्या. आत्यानं आधी डाव्या वाटीवर अंगठा फिरवला आणि मग सही केली. सही करताना वजन करून घ्या बरं का, तिथंच, पंचनाम्यातलं वजन आणि हातातलं वजन जुळतंय का ते.

पैशाची भरपाई

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, आरोपीला शिक्षा झाल्यावर कोर्ट त्यालाच भरपाई द्यायला लावू शकतं, कलम ३९५. या मुद्द्यावर कोर्टांनी डोकं लावलंच पाहिजे, गप्प बसून चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या अंकुश गायकवाड खटल्यात सांगितलं. दुसरी, सरकारची योजना, कलम ३९६. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी मिळू शकते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं, त्यांचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, आणि चौकशी २ महिन्यांत संपवायची असते. उपचाराचे पैसे ताबडतोब हवे असतील तर ठाण्याच्या प्रमुखांचा किंवा मॅजिस्ट्रेटचा दाखला घेऊन तातडीची मदत मागता येते. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक गुन्हे, ॲसिड हल्ला यासाठी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासूनची, १० लाखांपर्यंत, तीही याच ऑफिसातनं.

ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये मदत टप्प्याटप्प्यानं मिळते, निकालापर्यंत थांबायचं नसतं, आणि त्या कायद्याच्या कलम १५अ मध्ये पीडिताचे हक्क बाकी कुठल्याही कायद्यापेक्षा जास्त खुलासेवार लिहिलेत. ते एक कलम छापून जवळ ठेवा.

आणि हायवे. पेठ नाक्याच्या आसपास रात्री कुणीतरी उडवून गेलं, गाडी सापडली नाही, तर २०२२ च्या हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज महसूलच्या ऑफिसात, प्रांत-तहसीलदारांकडं. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण, ६ महिन्यांच्या आत.

वकिलाची फी परवडत नाही? त्याच विधी सेवा ऑफिसात मोफत वकील मिळतो. बाई असेल तर उत्पन्न कितीही असो, तसंच मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा. फोन १५१००.

कोर्टात गेल्यावर

केस सरकारी वकील चालवतात, पण कोर्टाच्या परवानगीनं तुम्ही स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देऊ शकता. त्याला साक्षीदाराला थेट प्रश्न विचारू देतील असं धरून चालू नका, पण लेखी युक्तिवाद देता येतो, कागद बघता येतात. आणि एक फायदा लोकांना माहीत नाही: कलम २३० प्रमाणं पीडिताच्या बाजूनं वकील उभा असेल तर चार्जशीटची प्रत पीडितालाही मोफत मिळते. म्हणून वकीलपत्र लवकर दाखल करा. चार्जशीट हातात आली की आपला जबाब त्यात बरोबर लिहिलाय का ते वाचा, तुमची साक्ष होईल दोन-तीन वर्षांनी आणि उलटतपासात समोरचा वकील त्यातली प्रत्येक ओळ विचारणार आहे.

आरोपीच्या जामिनाला विरोध करायचा असेल तर तुम्हाला ऐकलं गेलं पाहिजे. लखीमपूर खेरी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्ये, जगजित सिंग खटल्यात, जामीन रद्द केला त्यामागं हेही एक कारण होतं, पीडितांना नीट ऐकून घेतलंच नव्हतं. आणि सरकारनं खटला मागं घ्यायचा ठरवला तर पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही, कलम ३६०. राजकीय केसेस 'मागं घेतल्या' जातात तेव्हा हे कलम कुणाला आठवत नाही, ज्याचं डोकं फुटलंय त्यानं आठवून द्यायचं.

धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, २०१८ ची. जिल्ह्यात एक समिती असते, जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, तिच्याकडं अर्ज केला की पोलिसांकडनं धोक्याचा अहवाल मागवला जातो. धमकीचा फोन आला की नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा, त्याच दिवशी ठाण्यात अर्ज, आणि पोच, हो, परत पोच.

गुन्हा करणारा सरकारी माणूसच असेल, कोठडीत मारहाण झाली असेल, तर फौजदारी केस चालूच ठेवून हायकोर्टात अनुच्छेद २२६ खाली भरपाई मागता येते. निलाबती बेहेरा या आईचा मुलगा ओडिशात पोलीस कोठडीत मरण पावला, तिनं सुप्रीम कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं होतं, १९९३ मध्ये तिला दीड लाख भरपाई मिळाली आणि तेव्हापासून हा रस्ता पक्का झाला.

निकाल विरुद्ध गेला तर

आरोपी सुटला, किंवा कमी कलमात शिक्षा झाली, किंवा भरपाई फुटकळ दिली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, कलम ४१३. सरकारनं करायची वाट बघायला नको, आणि आधी वेगळी परवानगीही मागावी लागत नाही, हे २०१८ च्या कोडगळी निकालात आलंय. शिक्षा मात्र 'कमी झाली' एवढ्याच कारणावर आपल्याला अपील नाही, ते सरकारनं करायचं. निकालाच्या दिवशीच प्रतीला अर्ज टाका, दिवस वाया घालवू नका. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर जिल्हा कोर्टात, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात, आणि हायकोर्ट म्हणजे आता मुंबई नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली-सातारा दोन्ही त्यात आहेत. पूर्वी एका तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची आणि तिथं वकील म्हणायचा बोर्डावरच आलं नाही. आता सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी जेवायला घरी.

मामाच्या केसमध्ये चार्जशीट गेलंय, व्यापाऱ्याच्या दोन गाड्या जप्त आहेत, १०७ चा अर्ज प्रलंबित आहे. आत्याच्या केसमध्ये तिच्या साक्षीचं समन्स आलंय, येताना गंठण घेऊन यायचं आहे. आमच्या आदेशात अट होती की केस संपेपर्यंत ते विकायचं नाही, वितळवायचं नाही, त्यात बदल करायचा नाही, म्हणजे साखळीसुद्धा जोडता येत नाही. त्यामुळं ते घातलेलंच नाही तिनं. कपाटात साड्यांखाली आहे, त्याच खाकी पाकिटात, गुन्हा नंबरच्या चिठ्ठीसकट.